नफा केव्हां मोजावा?

मुलुंडच्या ज्या इमारतींत आमचें बिऱ्हाड गेलीं चाळीस वर्षें आहे, ती आतां पार थकली आहे. पावसाळ्यांत गच्ची गळते, सज्जाचे पोपडे अंगणांत पडतात, आणि चौथ्या मजल्यावरील वृद्ध मंडळी लिफ्ट नसल्यामुळें देवदर्शनासही खालीं उतरेनाशी झाली आहे. सबब इमारत पाडून त्याच जागीं नवी उभारावी, असा विचार आमच्या संस्थेच्या सभासदांनीं गेल्या वर्षापासून चालविला आहे. अशा प्रसंगीं बिल्डरची निवड हाच कळीचा प्रश्न. अठ्ठावीस कुटुंबांनीं आपापलीं घरें रिकामीं करून एका परक्या माणसाच्या हातीं सोंपवावयाचीं, दोन-तीन वर्षें भाड्याच्या जागेंत काढावयाचीं, आणि तो शब्द पाळील या भरंवशावर राहावयाचें. मुंबईच्या उपनगरांत अशीं अर्धवट सोडलेलीं बांधकामें आणि भाडें बंद झाल्यामुळें हवालदील झालेलीं कुटुंबें वाचकांपैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलीं असतील.

शेवटीं दोन बिल्डर उरले. एक शेअरबाजारांत नांव असलेल्या मोठ्या कंपनीची उपकंपनी; दुसरा उपनगरांतच धंदा करणारी लहान खाजगी कंपनी. दोघांचेही मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागविण्यांत आले आणि ते वाचून सभेस सांगण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं शाळेंत संस्कृताबरोबर अंकगणितही शिकविलेलें असल्यामुळें ‘मास्तरांना हिशेब कळतो’ असा संस्थेंत समज आहे. तो समज दूर करण्याचा प्रयत्न आम्हीं कधीं केला नाहीं, ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक सभेंत घडली. आम्हीं उभें राहून ठासून सांगितलें कीं, मोठ्या कंपनीला ओळीनें दोन वर्षें तोटा आलेला आहे. तिच्या डोक्यावर गिऱ्हाइकांचेंच कोट्यवधि रुपयांचें देणें आहे, भाडेपट्ट्याचें देणें आणखी निराळें. उलट लहान कंपनी दरवर्षीं नफ्यांत आहे. मग अठ्ठावीस घरें कर्जबाजाऱ्याच्या हवालीं करावयाचीं काय? सभेनें माना डोलाविल्या. चौथ्या मजल्यावरील एका आजींनीं तर ‘मास्तर होते म्हणून वांचलों’ असे उद्गार काढले. आम्ही प्रसन्न चित्तानें घरीं आलों.

आमची धाकटी सून सनदी लेखापाल असून अंधेरीस एका कचेरींत काम करते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें सभेची हकीकत विचारली आणि ऐकून घेतल्यावर हळूच म्हणाली, “बाबा, गिऱ्हाइकांचें देणें म्हणालांत, तो आंकडा कोणत्या नांवाखालीं होता?” आम्हीं कागद आणून दाखविला. “हें कर्ज नाहीं,” ती म्हणाली. “फ्लॅट घेणाऱ्यांनीं हप्त्यांनीं आगाऊ भरलेले पैसे आहेत हे. फ्लॅट अजून त्यांच्या ताब्यांत दिले नाहींत, म्हणून कंपनी ते आपलें उत्पन्न म्हणत नाहीं. देणें म्हणून दाखवते. आणि तोटा दिसतो तो त्याचमुळें. कचेरीचा, पगाराचा, जाहिरातीचा खर्च त्या त्या वर्षीं लिहावाच लागतो. विक्रीचें उत्पन्न मात्र ताबा दिल्यावर.”

आम्ही कांहीं वेळ गप्प बसलों. मग विचारलें, “आणि दुसरी कंपनी?” “ती जुन्या नियमानें लिहिते,” सून म्हणाली. “तिनें दाखवलेल्या नफ्यांतले किती फ्लॅट राहावयास दिले, तें आधीं विचारा.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पुढले पंधरा दिवस सूनबाईंस रोज थोडा त्रास देऊन आम्हीं हा विषय समजून घेतला. जो पुष्कळ कुटुंबांस उपयोगीं पडेल असा वाटतो, तो येथें देतों.

हिशेबाचे नियम देशोदेशीं निरनिराळे असत. व्यापार जगभर पसरल्यावर एका देशाचा ताळेबंद दुसऱ्या देशांतील भांडवलदारास वाचतां येईना. म्हणून लंडन येथें २००१ सालीं आंतरराष्ट्रीय लेखा-मानक मंडळ स्थापन झालें. या मंडळानें अमेरिकेंतील मंडळाबरोबर बसून गिऱ्हाइकांशीं केलेल्या करारांविषयींचें मानक मे २०१४ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि भाडेपट्ट्यांविषयींचें जानेवारी २०१६ मध्यें. आपल्या देशानें हीं मानकें कांहीं फेरफार करून घेतलीं असून त्यांस ‘इंड एएस’ म्हणतात. करारांविषयींचें तें इंड एएस ११५, येथें १ एप्रिल २०१८ पासून लागूं झालें. भाडेपट्ट्यांचें तें ११६, १ एप्रिल २०१९ पासून. परंतु तीं सर्वांस लागूं नाहींत. शेअरबाजारांत नांव असलेल्या कंपन्या, अडीचशें कोटी वा त्याहून अधिक निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्या आणि त्यांच्या उपकंपन्या यांनाच तीं बंधनकारक आहेत. लहान खाजगी कंपन्या जुन्याच मानकांनीं चालतात. आमच्यापुढें आलेले दोन ताळेबंद म्हणजे एक ग्रंथ देवनागरींत आणि एक मोडींत, आणि आम्हीं दोन्ही एकाच लिपीचे समजून वाचले!

आतां जुना नियम पाहूं. सनदी लेखापालांच्या संस्थेनें २०१२ सालीं बांधकामाच्या धंद्यासाठीं जें मार्गदर्शन दिलें, त्यांत मुख्य परवानग्या हातीं असल्या, बांधकामाच्या खर्चाचा निदान चौथा हिस्सा झाला, विकावयाच्या क्षेत्रफळापैकीं निदान चौथ्या हिश्शाचे करार झाले, आणि प्रत्येक कराराचे निदान शेंकडा दहा पैसे आले, म्हणजे बिल्डरनें काम जितकें पुढें गेलें तितक्या प्रमाणांत विक्री व नफा दाखवावा, असें होतें. इमारत दहाव्या मजल्यावर आहे, वीस मजले चढावयाचे आहेत, तोंच निम्मा नफा वहींत आला. यांत लबाडी नव्हे; नियमच तसा. परंतु पुढले दहा मजले चढलेच नाहींत तर? ‘बाजारांत तुरी अन् भट भटणीला मारी’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडीं फार असे. ती तिनें बिल्डरांसाठीं केलेली नव्हती, पण लागूं पडते.

नवें मानक पांच पायऱ्यांनीं चालतें. करार आहे कीं नाहीं हें पाहावें, त्यांत कोणकोणतीं वचनें दिलीं आहेत तीं वेगळीं काढावीं, किंमत ठरवावी, ती किंमत त्या वचनांवर वांटावी, आणि जें वचन पुरें झालें तेवढेंच उत्पन्न धरावें. हें ऐकल्यावर आम्हांस आमच्या शाळेची आठवण झाली. जूनमध्यें पालक सबंध वर्षाची फी भरून जात. पैसा तिजोरींत आला खरा, परंतु मार्चपर्यंतचे धडे शिकविणें आमच्या गळ्यांत पडलें होतें. जूनमध्येंच ‘वर्षाची कमाई झाली’ असें जर मुख्याध्यापक म्हणूं लागले असते, तर पुढल्या नऊ महिन्यांच्या पगाराचें काय? फी दर महिन्यास थोडी थोडी ‘पिकते’, कारण विद्यार्थी रोज शिकतो आणि रोज लाभ घेतो. फ्लॅटचें तसें नाहीं. अर्ध्या बांधलेल्या भिंतींत कोणी राहत नाहीं.

तरी येथें एक बारीक भेद आहे. काम चालूं असतांनाच उत्पन्न धरावयास नव्या मानकांतही तीन वाटा ठेवलेल्या आहेत. एक, गिऱ्हाईक लाभ घेत जातें तसें काम होत जातें. दुसरी, जें बांधलें जातें त्यावर गिऱ्हाइकाचाच ताबा आहे. तिसरी, ती वस्तु दुसऱ्या कोणास देतां येत नाहीं आणि झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा कायदेशीर हक्क बिल्डरास आहे. या तिसऱ्या वाटेवरच सगळा वाद होतो. करारांत काय लिहिलें आहे, कायदा काय म्हणतो, हें पाहून कांहीं कंपन्या अजूनही कामाच्या प्रमाणांत उत्पन्न धरतात, तर कांहीं इमारत पुरी होईपर्यंत थांबतात. विक्रोळीची गोदरेज प्रॉपर्टीज थांबणाऱ्यांपैकीं आहे. त्यामुळें अशा कंपनीचा नफा एखाद्या तिमाहींत एकदम उसळतो आणि एखादींत आटतो. शेअर घेतलेल्या आमच्या धाकट्या बंधूंस या चढउतारानें फार धाप लागते. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, अशा कंपन्या वर्षांत किती किंमतीचे फ्लॅट विकले आणि हातीं किती पैसा आला हे आंकडे निराळे प्रसिद्ध करतात. नफ्यासोबत तेही वाचावे.

ताबा केव्हां दिला, हें ठरविण्यास आपल्याकडे एक चांगली खूण आहे. महापालिका इमारत तपासून जें पत्र देते, त्यास मराठींत ‘भोगवटा प्रमाणपत्र’ असें नांव आहे. हा शब्द ज्यानें योजिला तो जुना माहीतगार असावा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत आगम व भोग, म्हणजे हक्काचें मूळ आणि प्रत्यक्ष उपभोग, यांचा विचार केलेला आहे. कागदावरील विक्री हा आगम. किल्ली हातीं येऊन चूल पेटली म्हणजे भोग. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबाच्या कचेरीस ‘अक्षपटल’ म्हटलें असून, आय, व्यय आणि शिल्लक उरलेली ‘नीवी’ यांचीं प्रकरणें मोठ्या काटेकोरपणानें घातलेलीं आहेत. आयांतही चालूं वर्षाची, मागील बाकीची आणि अकल्पित, असे भेद केले आहेत. म्हणजे कोणती जमा कोणत्या वर्षाची, हा प्रश्न लंडनच्या मंडळानें आज काढला असें नाहीं.

यावर आमचा एक शेजारी म्हणेल कीं, आगाऊ पैसे कर्ज नाहीं तर भीति कसली? तसेंही नव्हे. वेळेवर ताबा न दिल्यास स्थावर संपदा कायद्याच्या १८ व्या कलमान्वयें खरेदीदारास व्याजासह पैसे परत मागतां येतात. मग तें देणें खरोखरीचें कर्ज होतें. याच २०१६ च्या कायद्यानें खरेदीदारांकडून आलेल्या पैशापैकीं शेंकडा सत्तर निराळ्या बँकखात्यांत ठेवून, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावर कामाच्या प्रमाणांतच काढावे, असें बंधन घातलें आहे. तेव्हां ताळेबंदांतील अग्रधनाचा आंकडा पाहिला, कीं त्याच्या जोडीस बांधकाम किती झालें आणि खात्यांत किती उरलें, हें विचारावें. एकटा आंकडा बोलत नाहीं.

आतां भाडेपट्ट्याचें देणें, जें आम्हीं सभेंत मोठ्या आवेशानें ‘निराळें’ म्हणून सांगितलें होतें. पूर्वीं कंपनी दुकान वा कचेरी भाड्यानें घेई, तेव्हां दरमहाचें भाडें खर्चीं लिही आणि पुढल्या नऊ-दहा वर्षांच्या बांधिलकीचा ताळेबंदाच्या आंकड्यांत मागमूसही नसे. टीपांत काय तो उल्लेख. सर डेव्हिड ट्वीडी २००१ पासून २०११ पर्यंत लंडनच्या मंडळाचे अध्यक्ष होते. विमान-कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदांत असलेल्या विमानांतून मरण्यापूर्वीं एकदां तरी प्रवास करावा, अशी इच्छा ते थट्टेनें बोलून दाखवीत. कारण शेंकडों विमानें उडविणाऱ्या कंपन्यांच्या वहींत, भाड्यानें घेतलेलीं असल्यामुळें, विमानच सांपडत नसे.

नवा नियम असा : ठराविक वस्तु ठराविक मुदतीसाठीं स्वतःच्या ताब्यांत वापरण्याचा हक्क मिळाला, म्हणजे तो हक्क मालमत्ता म्हणून लिहावा आणि पुढें द्यावयाच्या भाड्याची आजची किंमत देणें म्हणून लिहावी. समजा, स्टेशनजवळचें दुकान पांच वर्षांसाठीं घेतलें, भाडें वर्षाअखेर १२ लाख, व्याजाचा दर शेंकडा १०. साठ लाखांच्या या भाड्याची आजची किंमत सुमारें ४५ लाख ४९ हजार होते. एवढी मालमत्ता, एवढेंच देणें. मग दरवर्षीं घसारा ९ लाख १० हजार, आणि व्याज पहिल्या वर्षीं ४ लाख ५५ हजार. मिळून खर्च १३ लाख ६५ हजार. पांचव्या वर्षीं व्याज १ लाख ९ हजारांवर येतें आणि खर्च १० लाख १९ हजार. पांच वर्षांची बेरीज पूर्वींप्रमाणेंच ६० लाख. खिशांतून दरवर्षीं जातात ते १२ लाखच. मात्र आरंभीचीं वर्षें जड दिसतात, शेवटचीं हलकीं. आणि घसारा-व्याजापूर्वींचा नफा पाहणाऱ्यास कंपनी एकदम सुधारल्यासारखी वाटते, कारण भाडें त्या ओळींतून नाहींसेंच झालें!

ज्यांचा धंदाच भाड्याच्या जागेंत चालतो, त्यांना याची झळ फार. चित्रपटगृहें चालविणारी पीव्हीआर आयनॉक्स (हिची नोंदणीकृत कचेरी अंधेरीसच आहे, या दोन कंपन्या २०२३ सालीं एक झाल्या) आपले आंकडे या मानकासह आणि त्याच्याविरहित अशा दोन्ही तऱ्हांनीं लोकांपुढें ठेवते. उलट डी-मार्टसारखी दुकानें, ज्यांचें पहिलें पवईस २००२ सालीं निघालें, त्यांची कंपनी शक्य तेथें जागा स्वतःच्या मालकीची करते. म्हणून तिच्या ताळेबंदांत या नियमानें फारशी उलथापालथ झाली नाहीं.

येथें एक प्रश्न आमच्या थोरल्या मुलानें काढला. मुंबईंत घर भाड्यानें दिलें तर अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार करतात. तो भाडेपट्टा नव्हेच, केवळ परवाना आहे, असें कायदा म्हणतो. मग कंपन्याही तसेच कागद करून सुटणार नाहींत काय? उत्तर असें कीं, हिशेबाचें मानक कागदाच्या नांवाकडे पाहत नाहीं. ताबा कोणाचा आणि लाभ कोणाचा, एवढेंच विचारतें. बारा महिन्यांच्या आंतल्या करारास सूट आहे खरी. परंतु मुदत पुन्हां वाढविण्याचा हक्क आहे आणि तो बजावला जाणार हें बऱ्याच निश्चयानें सांगतां येतें, तर ती वाढीव मुदतही धरावी लागते. संगणक, टेबलखुर्च्या अशा अल्प किंमतीच्या वस्तूंस निराळी सूट आहे. करोनाच्या काळांत मालकांनीं भाडें माफ केलें, तें कसें लिहावें यासाठीं सरकारनें जुलै २०२० मध्यें या मानकांत सोईची दुरुस्ती केली होती.

आमचें मत विचाराल, तर करारांविषयींचा नियम आम्हांस पूर्णपणें पटला. वचन पुरें झाल्यावांचून कमाई म्हणूं नये, यांत वाद कशाचा? भाडेपट्ट्याच्या नियमाविषयीं मात्र मन अजून द्विधा आहे. बांधिलकी उघडी केली हें योग्यच. परंतु दरवर्षीं सारखेंच भाडें देणाऱ्या दुकानदारास पहिल्या वर्षीं अधिक खर्च दाखवावा लागावा, हें आमच्या जुन्या व्यवहारबुद्धीस रुचत नाहीं. सूनबाई म्हणतात कीं, कर्ज काढून दुकान विकत घेतलें असतें तरी असेंच झालें असतें. त्यावर आमच्यापाशीं अद्याप उत्तर नाहीं. शिवाय, जो मूळ आंकडाच खोटा लिहितो त्याला कोणतेंच मानक आवरीत नाहीं. सत्यम कंपनीच्या प्रमुखानें २००९ च्या जानेवारींत स्वतःच दिलेली कबुली वाचकांस स्मरत असेल.

असो. पुढल्या सभेंत आम्हीं पुन्हां उभे राहिलों. मागल्या सभेंत आपण सांगितलें तें चुकीचें होतें, दोन ताळेबंद दोन निराळ्या नियमांनीं लिहिलेले असतां आपण त्यांची तुलना केली, असें स्पष्ट सांगितलें. सोपें गेलें नाहीं. छत्तीस वर्षें फळ्यासमोर उभें राहिलेल्या माणसास ‘माझें गणित चुकलें’ म्हणावयास घसा कोरडा पडतो. एक-दोन गृहस्थांनीं, सुनेनें सासऱ्यास पढविलें, असा टोमणाही मारला. त्यांत असत्य कांहींच नव्हतें. मोठ्या कंपनीच्या बाजूनें आम्ही बोललों असें मात्र कोणीं समजूं नये. लहान बिल्डर प्रामाणिक असूं शकतो आणि मोठा ढिला असूं शकतो; नफ्यातोट्याच्या त्या दोन ओळींवरून तें ठरत नाहीं, इतकेंच आम्हांस म्हणावयाचें होतें.

सभेनें मतदान पुढें ढकललें आणि दोघांसही लेखी प्रश्न पाठविले : मागील दहा वर्षांत किती इमारतींस भोगवटा प्रमाणपत्र मिळालें, कराराच्या तारखेनंतर किती दिवसांनीं, दाखविलेल्या नफ्यापैकीं ताबा दिलेल्या फ्लॅटांचा किती, निराळ्या खात्यांत आज किती शिल्लक, आणि जुन्या रहिवाशांचें भाडें एखाद्या महिन्यास तरी थकलें होतें काय. समितीचे दोन सभासद आणि आम्ही मिळून बोरिवली व घाटकोपर येथील त्यांच्या पुऱ्या झालेल्या इमारती पाहून आलों. घाटकोपरास एका गृहस्थांनीं चहा देऊन दोन तास अडवून धरलें आणि आपल्या घराची किल्ली ठरल्यापेक्षां चौदा महिन्यांनीं कशी मिळाली, तें साद्यंत सांगितलें. तें घर कोणत्या बिल्डरचें होतें, तें सभेपुढें ठेवूं, येथें नाहीं.

मोठ्या कंपनीचें उत्तर अकरा पानांचें आलें आहे. लहान कंपनीचें, पुढल्या आठवड्यांत देतों, असें दोन ओळींचें पत्र आहे. अकरा पानांपैकीं सात आमचीं वाचून झालीं. उरलेलीं चार, ज्यांत टीपा आहेत, तीं रविवारीं सूनबाईंस सवड झाली म्हणजे दोघांनीं बसून वाचावयाचें ठरलें आहे.